बोअर मारण्याआधी विहीर मोजा

प्रश्न : आमच्या विहिरीचा व्यास 6 मीटर आहे. जानेवारीअखेर पंप तासाभरातच हवा ओढू लागतो. यंदा चार एकर गहू करायचा विचार आहे. गावच्या नळयोजनेची विहीर बांधापासून साधारण 300 मीटरवर आहे. 400 फूट बोअर मारावे का? आणि पावसाळ्यात ओढ्याचे पाणी थेट विहिरीत सोडले तर चालेल का?

उत्तर : बोअरचे आधी बोलू. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. शिवाय राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा जास्त खोली 'खोल विहीर' धरली आहे आणि अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या, क्षेत्रात ती शेतीसाठी घ्यायला मनाई आहे. तुमचे गाव त्यात येते का, हे जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात विचारा.

कायदा बाजूला ठेवला तरी हा खर्च पटत नाही. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि फुटलेल्या खडकात असते. खाली अखंड पाषाण लागला तर धुरळाच उडतो. भेगा लागल्या आणि त्या वरच्या थराशी जोडलेल्या असल्या तर बोअर तुमच्याच विहिरीचे आणि नळयोजनेचेही पाणी ओढते. नवे पाणी मिळाले असे वाटते, प्रत्यक्षात तेच पाणी लवकर संपते.

म्हणून पेरणीआधी झिरपा, म्हणजे विहिरीत झिरपून येणारे पाणी, मोजा. संध्याकाळी विहीर उपसून पंप बंद करा. दोरीला वजन बांधून कठड्यावरच्या एका खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्या, 12 तासांनी त्याच खुणेपासून पुन्हा घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले 0.785 म्हणजे विहिरीचे क्षेत्रफळ. तुमचे ते 28 चौरस मीटर भरते. रात्रीत पाणी दीड मीटर चढले, तर आवक सुमारे 42,000 लिटर. पहिल्या एका तासाचा चढ मोजून त्याला 12 ने गुणू नका. विहीर रिकामी असताना झिरपा जोरात असतो, भरत आली की मंदावतो. हिशेब तिथेच फसतो.

आता रान बघा. एका एकराला 6 सेंटिमीटर पाण्याची एक पाळी (एकदा भरणे) म्हणजे सुमारे 2 लाख 43 हजार लिटर. रोज 42,000 लिटर उपसले तर एका एकराला सहा दिवस, चार एकरांना 24 दिवस. गव्हाला मुकुटमुळे फुटताना (20-22 दिवस), कांडी धरताना (40-42) आणि फुलोऱ्यात (60-65) पाणी लागते. पाळीतले अंतर 20 दिवसांचे आणि तुमचा फेरा 24 दिवसांचा! शेवटचा एकर दर वेळी मागे पडणार. त्यात आवक जानेवारीत आणखी घटते, पाटात मुरणारे पाणी वेगळेच.

त्यापेक्षा गहू एकच एकर ठेवा आणि दोन एकर हरभरा घ्या. हरभऱ्याला 30-35 दिवसांनी एक आणि घाटे भरताना 60-65 दिवसांनी दुसरी, अशा दोन पाळ्यांत भागते. तुषार संच असेल तर 4 सेंटिमीटर पाणी पुरते, म्हणजे एकराला चारच दिवस. चौथा एकर कोरडवाहू करडईला द्या. हिवरे बाजारने हेच गावपातळीवर केले. तिथे पाऊस मोजून रब्बीचा आराखडा ठरतो, ऊस-केळी नाही आणि शेतीसाठी बोअरही नाही. तुमच्या ग्रामसभेत हा विषय निघत नसेल, तर निदान शेजारच्या चार विहिरींचे आकडे एका वहीत आणा. शिवाराचे पाणी एकच असते.

ओढ्याचे पाणी थेट सोडू नका. काळ्या रानातला बारीक गाळ भेगांत बसला की झराच बुजतो आणि तो पुन्हा मोकळा करणे फार अवघड. विहिरीपासून दोन-तीन मीटरवर 2 मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा बांधून घ्या. त्याच्या अलीकडे दगड भरलेला लहान खड्डा ठेवा, जड गाळ तिथेच राहील. मोठ्या खड्ड्यात तळाला 30 सेंटिमीटर मोठे दगड, त्यावर तेवढीच जाड खडी, मग बारीक खडी, सर्वांत वर जाडी वाळू. चार इंची पाइप तळातून विहिरीत काढा, त्याच्या तोंडाला जाळी लावा. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाजूला वळवा, त्यात खत-औषध आणि शेण जास्त असते. वाळूवर पाणी तुंबू लागले की वरचा पाच सेंटिमीटर थर खरवडून नवी वाळू टाका. बहुतेक खड्डे निकामी होतात ते एवढे न केल्याने.

गाळण खड्डा गाळ अडवतो, नायट्रेट आणि जंतू अडवत नाही. त्यामुळे ज्या विहिरीचे पाणी घरात पितात, तिथे हा प्रकार करूच नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट दाट होते. घरात सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर तपासणीचा अहवाल येईपर्यंत त्याला हे पाणी देऊ नका.