नवीन खाद्यावर चोणक मासे कमी खातात, म्हणजे खाद्य वाईट का?

कमी खातात म्हणून खाद्य वाईट, हे गणितच मला मान्य नाही. गोव्यात चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या पाण्याच्या तळ्यात, चुलतभावाशी माझा हंगामभर वाद झाला तो नेमका यावरच.

त्याने स्वस्त खाद्य आणलं, कोंडा आणि मैदाच जास्त. चोणक तुटून पडायचे. तो बांधावरून ओरडायचा, "बघ कसे खातात!" पोती भराभर संपत होती, पण जाळं टाकून वजन केलं की वाढ जेमतेम. पहाटे मासे वर येऊन धापा टाकायचे, कारण जितकं जास्त खाणं तितका ते पचवायला ऑक्सिजन जास्त. काकूने एक चोणक कापला तर आत यकृत फुगलेलं, पांढुरकं. चोणक मांसाहारी. त्याला कोंड्या-मैद्यातलं पिष्ट नीट वापरता येत नाही, साखर रक्तात कितीतरी वेळ तशीच राहते आणि उरलेली यकृतात साठते. सकस काही मिळत नाही म्हणून बिचारा खात सुटतो.

मग मी भांडून 45 टक्के प्रथिनांचं, तेल बऱ्यापैकी असलेलं खाद्य आणवलं. खाणं घटलं, वाढ सुधारली. एक ग्रॅम तेलातून 9 किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून 4. ऊर्जेची गरज भागली की मासा तोंड फिरवतो. शिवाय तेल ऊर्जा पुरवतं, तेव्हा प्रथिनं अंग भरायला उरतात.

"प्रथिनं आणखी वाढवू का?" तर अजिबात नको. जादा प्रथिनं मासा जाळून टाकतो आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, बंद असलेल्या तळ्यात तो तुम्हालाच निस्तरावा लागेल. तेलही बेताने: फार झालं तर खाणं इतकं घटतं की प्रथिनंच कमी पडतात, आणि पोटात चरबी साचते.

हां, तुमच्या पोत्यात सोयाबीन पेंड भरमसाट असेल तर मात्र चवच आवडलेली नसणार, आणि तिथे खाद्यालाच दोष द्या. माशांना ओल्या मासळीवरून कोरड्या दाणेदार खाद्यावर आणलं असेल तर थोडे दिवस जाऊ द्या. पावसात गोडं पाणी शिरल्यावर, ढगाळ सकाळीही भूक मंदावते.

पंधरवड्याने मूठभर मासे तोला, किलोभर वाढीला किती खाद्य गेलं ते काढा. भाऊ अजून रिकामी पोतीच मोजतो. त्याच्यासारखा कोणी शेजारी असेल तर त्याचं ऐकू नका.