गावच्या ग्रामपंचायतीचा फोन नंबर कुठे मिळेल आणि घराच्या जुन्या नोंदींची नक्कल कशी मागायची?

नंबर मिळेल, पण नंबरने तुमचं काम होणार नाही, हे आधीच सांगते. तुम्ही लिहिलंय की तुम्ही बाहेरगावी राहता, आजोबांच्या घराच्या ग्रामपंचायतीतल्या जुन्या नोंदी बघायच्या आहेत आणि घरचे म्हणतायत की उगाच अर्जबिर्ज नको, फोन करून विचारून घे. हे शेवटचं वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकलंय की आज उत्तर लिहायला बसलेच.

आधी नंबरचं उरकते. जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर दूरध्वनी निर्देशिका असते, जिल्हा परिषदेच्या वेबसाइटवर पंचायत समित्यांचे आणि गटविकास अधिकाऱ्यांचे नंबर असतात. त्यातले बरेच लँडलाइन बंद असतात आणि अधिकाऱ्याची बदली झालेली असते, तरी लावत रहा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गाव निवडलं की सरपंच आणि सचिव कोण ते कळतं. ग्रामसेवक हे पदाचं नाव २०२४ मधे बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय, त्यामुळे शोधताना दोन्ही नावांनी शोधा. पंचायत समितीत कुणीही फोन उचलला की दोनच गोष्टी विचारा, आमच्या गावाचा चार्ज सध्या कुणाकडे आहे आणि ते गावात कुठल्या वारी बसतात, कारण एकेका माणसाकडे दोन-तीन गावांचा चार्ज असतो आणि तुम्ही पुण्यामुंबईहून जाणार आणि ऑफिसला कुलूप. १०७७ वर फोन करू नका, तो जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष आहे, पूर आणि दरडीसाठी. आणि खरं तर हे शोधायची वेळच यायला नको, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मधे १७ बाबी प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्यात, त्यात कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि जनमाहिती अधिकाऱ्याचं नाव दोन्ही येतं. कायदा ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर हा बोर्ड आहे ते तुम्हीच जाऊन बघा.

आता फोनने काय होतं ते सांगते. आमचं गावठाणातलं घर, वडील आणि काका दोघांचं, मधे भिंत घालून दोन चुली. घरपट्टी एकाच पावतीवर, काका भरायचे आणि आई अर्धे पैसे द्यायची. वडील गेले, काही वर्षांनी आईला वेगळं वीज कनेक्शन घ्यायचं म्हणून नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा काढला तर त्यावर एकटे काका. वडिलांचं नावच नाही, आईचं तर नाहीच. आई उतारा घेऊन घरी आली आणि त्या दिवसापासून तिने काकांच्या दारात पाऊल टाकलं नाही. काकूने पाठवलेला फराळसुद्धा परत गेला. कुणी कुणाला काही विचारलं नाही, नुसतं धरून चालले की काकांनी सही-शिक्के करून नाव काढलं.

दादा गावात राहतो, शेती करतो, सगळ्यांशी त्याचं चांगलं आहे. त्याचं म्हणणं, भाऊसाहेबांचा, म्हणजे ग्रामसेवकांचा, पर्सनल नंबर माझ्याकडे आहे, मी बोलतो. आणि तो बोलायचा. भाऊसाहेब म्हणायचे बघतो, मीटिंगला आलोय, पुढच्या आठवड्यात या, दप्तर वर पंचायत समितीला ऑडिटला गेलंय. मग त्यांची बदली झाली, दुसरे आले, दादाने त्यांचाही नंबर मिळवला आणि परत पहिल्यापासून तीच गोष्ट सांगितली. या सगळ्या फोनांचा एक कागद नाही. कुणी कधी काय सांगितलं याची कुठे नोंद नाही, त्यामुळे कुणी काही लांबवलं असंही म्हणता येत नाही. मी म्हटलं माहितीचा अधिकार टाकते, तर दादा भडकला, म्हणाला भावकीत वैर घालू नकोस, तू पुण्यात बसून अर्ज टाकशील, तोंड मला दाखवायचंय. आई पण त्याच्याच बाजूने. मी तरी टाकला.

अर्ज कसा लिहिला ते नीट वाचा कारण इथेच लोक घोळ करतात. 'माझ्या वडिलांचं नाव का काढलं' असं मी विचारलं नाही. का, कशामुळे, कुणाच्या सांगण्यावरून, या प्रश्नांना उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही, त्याच्याकडे जो कागद आहे तो द्यायला बांधील आहे. मी लिहिलं की मिळकत क्रमांक अमुकची अमुक सालापासून आजपर्यंतची नमुना ८ नोंदवहीतली सर्व पानं, त्या मिळकतीवर नाव कमी किंवा दाखल करण्यासाठी आलेले अर्ज आणि सोबतची कागदपत्रं, त्यावर मासिक सभेत झालेल्या ठरावाच्या इतिवृत्ताचं पान, सगळ्याच्या साक्षांकित प्रती. एवढंच. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायला सांगितलंय त्यामुळे कहाणी लिहूच नका, कशाला हवंय तेही लिहू नका, कारण सांगायची सक्ती नाही असं कलम ६(२) मधे स्पष्ट आहे. नमुना जोडपत्र 'अ', वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींचे पानाला २ रुपये नंतर मागतात. केंद्र सरकारच्या ऑफिसला, म्हणजे पोस्ट रेल्वे वगैरेला, कोर्ट फी स्टॅम्प लावू नका, तिथे पोस्टल ऑर्डर लागते. अर्ज हातोहात दिला तर ओसीवर, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर, पोच घ्या, शिक्का, सही, तारीख, आवक नंबर. पोच देत नसतील तर वाद घालत बसू नका, सरळ पोस्टाने पाठवा, रजिस्टर पोस्ट २०२५ मधे स्पीड पोस्टातच विलीन झालंय, ती पावती आणि पोचल्याची ऑनलाइन नोंद प्रिंट काढून ठेवा.

मला उत्तर आलं ते एका ओळीचं, सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाहीत. दादाचा लगेच फोन, बघ मी सांगत होतो. या ओळीला बहुतेक लोक हरतात. हरू नका. माहिती नाकारायची कारणं कायद्याच्या कलम ८ आणि ९ मधे दिलेली आहेत आणि 'सापडत नाही' हे त्यात कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मधे विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच म्हटलंय, की रेकॉर्ड सापडत नाही म्हणून हात झटकता येणार नाहीत, कसून शोध घ्यायला हवा, गरज पडली तर चौकशी करून जबाबदारी ठरवायला हवी. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे, रेकॉर्ड बेकायदा नष्ट केलं तर त्यात तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. मी पहिल्या अपिलात, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प, या दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि सोबत एक मागणी केली, की आधीच्या ग्रामसेवकाकडून चार्ज घेताना जी दप्तराची चार्ज यादी बनते तिची प्रत द्या. हे मला एका रिटायर्ड विस्तार अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं आणि यासारखा रामबाण उपाय नाही. कारण नोंदवही चार्ज यादीत असेल तर ती कुठे गेली ते सांगावं लागतं, आणि नसेल तर चार्ज घेताना गप्प का बसलात ते सांगावं लागतं.

सुनावणी पंचायत समितीत झाली. आई येणार नव्हती, पण आली. भाऊसाहेब म्हणाले माझ्या आधीचं आहे. अपिलीय अधिकाऱ्यांनी चार्ज यादी मागवली, नोंदवही त्यात होती, मग तारीख ठरवून दप्तर उघडून दाखवायचा आदेश झाला. लाल रुमालात बांधलेली जुनी दप्तरं, एकेक सोडून बघितली. जुन्या नोंदवहीत वडिलांचं आणि काकांचं दोघांचंही नाव व्यवस्थित होतं, कुठे खाडाखोड नाही. दर ४ वर्षांनी फेरआकारणी होते आणि नवीन नोंदवही लिहिली जाते, त्या पुढच्या नोंदवहीत आमच्या मिळकतीसमोर पहिलंच नाव उतरवलेलं आणि दुसरं राहिलेलं. पहिलं नाव काकांचं होतं, ते थोरले म्हणून. आमच्याच नाही, त्याच पानावर आणखी दोन घरांचं तसंच झालेलं. नाव कमी करायचा अर्ज नाही, ठराव नाही, काकांची सही कुठेच नाही. कुणीतरी घाईत उतरवून काढलेलं.

आई ते पान बघून किती वेळ काही बोलली नाही. मग थेट काकांकडे गेली. काकांनीच पुढे मासिक सभेत संमती लिहून दिली आणि ठराव होऊन आईचं नाव लागलं.

आता मला सांगा वैर कशाने होतं? दादाच्या मते अर्जाने होतं. माझ्या मते वैर त्या फोनांनी चालू ठेवलं होतं, कारण फोनवर कुणीच नोंदवही उघडली नाही आणि नोंदवही उघडली नाही म्हणून एक निर्दोष माणूस वर्षानुवर्षं चोर ठरला. कागद मागणं म्हणजे कुणावर आरोप करणं नाही. दादा अजून म्हणतो की मी आणखी थोडं धरून राहिलो असतो तर भाऊसाहेबांनी तसंच करून दिलं असतं. भाऊसाहेबांच्या मर्जीवर का राहायचं, हा माझा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही. ओळखीने झालेलं काम ओळख असलेल्याचंच होतं, गावात ज्या बाईची कुणाशी ओळख नाही तिने काय करायचं? त्याच पानावरच्या दुसऱ्या दोन घरांपैकी एक घर अशाच एकट्या बाईचं होतं, तिला कुणी फोन करणारं नव्हतं, आमच्या अर्जामुळे तिला कळलं.

काही गोष्टी राहिल्या त्या सांगते. तुम्हाला फक्त आजचा चालू उतारा हवा असेल तर माहिती अधिकार लागत नाही, तो आपले सरकारवरून किंवा ग्रामपंचायतीत साधा अर्ज करून मिळतो, ती लोकसेवा हक्क कायद्यातली सेवा आहे. जुन्या नोंदवह्या, ठराव, अर्ज यांच्यासाठी माहिती अधिकार. तलाठ्याकडचा ८अ हा शेतजमिनीच्या खात्याचा, तो वेगळा, त्यासाठी ग्रामपंचायतीत गेलात तर हात हलवत परत याल. आणि नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, कर आकारणीची नोंद आहे, वाटणीचा खरा वाद असेल तर तो दिवाणी कोर्टातच सुटतो, माहिती अधिकाराने नोंद दुरुस्तही होत नाही, फक्त कागद हातात येतो. दादा हेच तोंडावर फेकतो, मग एवढं करून मिळवलंस काय म्हणून. वीज कनेक्शनला, घरकुलाच्या यादीला, बँकेला, सगळीकडे तोच उतारा मागतात, आणि आईचं नाव त्यावर आहे, हे मिळवलं.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर तो नकारच समजा आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. सगळा जोर पहिल्या अपिलावरच लावा. दुसरं अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे जातं, तिथे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण नंबर लागायला फार काळ जातो. अर्ज टाकायच्या आधी एकदा नुसतं बघायचं असेल तर नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ रेकॉर्ड नागरिकांना बघायला खुलं ठेवायचंय, पुणे महापालिकेत हे आधीपासून चालू होतं. गावात बऱ्याचदा हे माहीतच नसतं, त्यामुळे परिपत्रकाची प्रिंट बरोबर न्या, आणि आजोबांच्या नावची एखादी जुनी घरपट्टीची पावती घरात शोधा, मिळकत क्रमांक त्यावरच असतो, त्याच्याशिवाय कुठलीच नोंदवही उघडून उपयोग नाही.