विचारा की ताईला! पोरांना घेऊन लास वेगासला?

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर एकावर एक वेगासच. कोणाच्या पोराला जायचंय, कोणाच्या नवऱ्याला जायचंय आणि पोरीला न्यावं लागणारे, असं सगळं. म्हणून म्हटलं हा आख्खा कॉलम वेगासलाच देऊन टाकू.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही सॅन होजेला असतो. मार्चमधे मुलाला (वय १५) स्प्रिंग ब्रेक आहे, नवऱ्याला रजा मिळत नाहीये म्हणून आम्ही मायलेक दोघंच जाऊन यायचं म्हणतोय. पोरगा सारखा वेगास वेगास करतोय. सासूबाईंनी फोनवर ऐकलं आणि म्हणाल्या, जुगाराच्या गावाला नेतेस का पोराला? खरं सांगायचं तर मलाही धाकधूक आहे. तीन रात्री आम्ही दोघं तिथे करणार काय? – एक आई, सॅन होजे

उत्तर: सासूबाईंचं अगदीच चुकत नाही हो, गाव जुगाराचंच आहे, ते लपवत पण नाहीत, विमानातून उतरलात की गेटपाशीच स्लॉट मशिनं टिंगटिंग करत उभी असतात. नेवाडात २१ वर्षांखालच्याला खेळायला बंदी आहे, आणि बंदी म्हणजे नुसतं खेळायचं नाही असं नाही, तिथे रेंगाळायचं पण नाही. पण गंमत अशी की बहुतेक हॉटेलांत रूमकडे जायची लिफ्ट, जेवायची जागा, बाथरूम, सगळ्याची वाट कॅसिनोतूनच जाते! मग पोरांनी जायचं कुठून? तर पोरांना त्या वाटेवरून चालत जायला परवानगी आहे, थांबायला नाही. बऱ्याच ठिकाणी बघा, चालायच्या वाटेवर फरशी असते आणि मशिनांच्या बाजूला गालिचा. मुलाला सांगून ठेवा, फरशीवरून चालायचं, गालिच्यावर पाय नको. तुम्ही एखाद्या मशिनसमोर दोन मिनिटं बसलात आणि तो मागे उभा राहून बघत असला तरी सिक्युरिटीवाला येऊन पुढे चला म्हणतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला आईसमोर कोणी असं हटकलं की पुढचे दोन तास त्याचं तोंड कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगू.

ही रोजची ये-जा टाळायची असेल तर कॅसिनो नसलेलं हॉटेल घ्या. स्ट्रिपवर (मोठ्या हॉटेलांचा तो मुख्य रस्ता) अशी आहेत, व्हडारा आहे, एमजीएमचं सिग्नेचर आहे. सिगरेटचा वास पण वाचतो, कारण कॅसिनोत आत बसून ओढायला अजून चालतं तिथे. कॅसिनो असूनही धूर नको असेल तर पार्क एमजीएम आहे.

आता रात्रीचं. स्ट्रिपवर शुक्रवारी, शनिवारी आणि सरकारी सुट्टीला रात्री ९ नंतर १८ खालच्यांना पालकांशिवाय फिरता येत नाही, कायदाच आहे तसा. त्यामुळे "आई तू झोप, मी जरा फिरून येतो" हा विषयच संपला, तुम्हाला वाईट व्हायला नको, कायद्याचं नाव सांगा. बाकी रस्त्यावर जे दिसायचं ते दिसणार. कमी कपड्यातल्या बायका फोटो काढायला बोलावतात (आणि फोटो झाला की पैसे मागतात), तसल्याच बायकांच्या जाहिरातींची कार्डं वाटणारे असतात, गांजाचा वास येतो कारण तो तिथे २१ च्या वर कायदेशीर आहे. मुलगा कॅलिफोर्नियात हायस्कूलला जातो ना, मग यातलं त्याला काही नवीन नसणारे, नवीन तुम्हाला असेल. नजर चुकवत चालण्यापेक्षा जायच्या आधी एकदा सरळ बोलून घ्या, अवघडलेपण जातं.

आणि करायचं काय म्हणाल, तर माझं स्पष्ट मत आहे की वेगास हे मोठ्या पोरांसाठी रात्री बघायचं गाव आहे आणि दिवसा बाहेर पडायचं. दिवसभर स्ट्रिपवर घुटमळलात तर पैसे उडतात आणि पोरगं दुसऱ्या दिवशी दुपारी फोनमधे डोकं घालून बसतं, कारण २१ च्या खालच्याला तिथे बघण्याशिवाय काही करता येत नाही.

म्हणून एक सकाळ रेड रॉक कॅन्यनला द्या, स्ट्रिपपासून पाऊणएक तासाच्या आत आहे, लाल डोंगरातून १३ मैलांचा वन-वे रस्ता, मधे मधे उतरून चढायला ट्रेल. ऑक्टोबर ते मे दिवसा आत जायला वेळेचं रिझर्व्हेशन आधी करावं लागतं, मार्चमधे जाताय म्हणजे तुम्हाला लागणारच, गेटवर जाऊन बघू म्हणाल तर परत फिरावं लागेल. दुसरा दिवस हूवर धरणाला. ७२६ फूट उंच, १९३१ ते ३५ मधे बांधलेलं, आणि त्याच १९३१ साली नेवाडाने जुगार कायदेशीर केला. वाटेत बोल्डर सिटी लागतं, धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव, आणि नेवाडात असूनही तिथे जुगाराला आजही बंदी आहे! इतिहासात रस असलेलं पोरगं असेल तर त्याला हे भारी वाटतं. सासूबाईंना तिथूनच फोटो पाठवा.

संध्याकाळी मग बलाजिओची कारंजी (फुकट, ८ नंतर दर पंधरा मिनिटांनी), तिथलंच आतलं फुलांचं दालन पण फुकट, हाय रोलर पाळणा ५५० फुटी, त्यातून तो स्फिअर नावाचा चमकता गोळा मस्त दिसतो, आत जायचं तिकीट महाग आहे, मी तर म्हणेन बाहेरूनच बघा. रोलरकोस्टर आवडत असेल तर न्यूयॉर्क-न्यूयॉर्क हॉटेलच्या भोवती फिरणारा आहे. स्ट्रॅटच्या टॉवरवर हजार फुटांच्या आसपास उंचीवर राईड्स आहेत, तिथे तुम्ही खाली उभं राहून नुसतं हात हलवलात तरी चालेल. विमानतळाच्या बाजूला पिनबॉल हॉल ऑफ फेम म्हणून आहे, आत जायला पैसे नाहीत, जुन्या मशिनांत नाणी टाकून खेळायचं, पोराची हौस पण फिटते आणि तुमच्या खिशाला पण झेपतं. आणि डाउनटाउनला मॉब म्युझियम नक्की करा. तिथल्या माफियांचा आख्खा इतिहास, जुन्या फेडरल कोर्टाच्या इमारतीत, १९५० साली सिनेटच्या समितीने जिथे गुंडगिरीची सुनावणी घेतली ती कोर्टरूम तशीच ठेवलीये. गाव कोणाच्या पैशावर उभं राहिलं हे पोराला तिथे आपोआप कळतं, तुम्हाला लेक्चर द्यावं लागत नाही.

एक सांगते, जुने यूट्यूब व्हिडिओ बघून यादी करू नका. मिराजसमोरचा ज्वालामुखी जुलै २०२४ मधे हॉटेलबरोबरच बंद झाला, ट्रॉपिकाना तर त्याच ऑक्टोबरमधे स्फोटाने पाडलं, तिथे बेसबॉलचं स्टेडियम बांधतायत. आणि "समोरच तर आहे" म्हणून चालत निघू नका, बिल्डिंगी इतक्या मोठ्या आहेत की जवळ वाटतात, शेजारच्या हॉटेलात पोचायला वीस मिनिटं लागतात, त्यात रस्ता ओलांडायला जिने चढून पुलावरून जायचं. चपला नको, बूट घाला.

प्रश्न: ताई, मी पुण्याचा. लेकीची (वय १७) बारावी आणि सीईटी संपली की मे अखेरीस आम्ही बापलेक माझ्या भावाकडे फिनिक्सला जातोय, बायकोला शाळेच्या कामामुळे जमत नाही. भावाची गाडी घेऊन चार दिवसांत वेगास आणि ग्रँड कॅन्यन करायचंय. आम्ही शाकाहारी आहोत. आणि मनातलं विचारतो, मला थोडंसं खेळून बघायचंय, गोव्यात एकदा मित्रांबरोबर मांडवीवरच्या कॅसिनोत गेलो होतो. तेवढा वेळ लेकीला कुठे ठेवू? – एक बाबा, कोथरूड

उत्तर: दादा, "कुठे ठेवू" काय, ती काय बॅग आहे का! असो. आधी प्रवासाचं बघू, कारण यात बरेच जण घोळ घालतात.

वेगासहून ग्रँड कॅन्यन एका दिवसात करून येऊ असं सगळे म्हणतात. खरा नॅशनल पार्कवाला साउथ रिम (दरीची दक्षिण कड) वेगासपासून २८० मैल आहे, साडेचार तास एका बाजूने, म्हणजे दिवसभर गाडीतच. जवळ आहे तो वेस्ट रिम, काचेच्या पुलावाला, दोन-सव्वादोन तासांवर, पण ती हुआलापाई या आदिवासी लोकांची जमीन आहे, तिकीट वेगळं, नॅशनल पार्कचा पास चालत नाही. तुम्ही फिनिक्सहून निघताय हे तुमचं नशीब. फिनिक्सहून साउथ रिम साडेतीन तास. तिथे एक रात्र, दुसऱ्या दिवशी वेगास, दोन रात्री, आणि परत येताना हूवर धरण करून किंगमनवरून थेट फिनिक्स. गोल पूर्ण होतो, फक्त किंगमन ते वेगास एवढाच तुकडा दोनदा लागतो.

आधी धरणावरूनच गाड्या जायच्या, २०१० पासून बाजूच्या उंच पुलावरून जातात, गाडीतून धरण दिसत नाही, पुलावर चालायची वेगळी वाट आहे तिथे उतरा. घड्याळाचं म्हणाल तर उन्हाळ्यात ॲरिझोना-नेवाडाची वेळ एकच असते, हिवाळ्यात तासाचा फरक पडतो, तुम्हाला ती भानगड नाही.

ऊन मात्र लक्षात ठेवा. पुण्याच्या एप्रिलसारखंच ना, असं म्हणाल, पण हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही आणि पाणी कमी पडतं. जुलै २०२४ मधे तिथे ४८.९ अंश झालं होतं. मे अखेर तेवढं नसेल पण डोंगरातलं चालणं सकाळी दहाच्या आत आटपा.

कागदपत्रं: आई बरोबर नसेल तर आईच्या सहीचं नोटरी केलेलं संमतीपत्र इंग्रजीत बरोबर ठेवा. विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर चटकन काढून दाखवता आलं पाहिजे.

जेवणाची काळजी नको, पिझ्झा, मेक्सिकन, थाई सगळीकडे मिळतं, भारतीय हॉटेलं पण आहेत. बुफे आता मोजकेच राहिलेत आणि महाग आहेत, शाकाहारी माणसाने खेकड्यांचे पैसे कशाला भरायचे. आणि चहा! बऱ्याच रूममधे किटली नसते. इथली किटली नेऊ नका, तिकडे १२० व्होल्ट, पाणी उकळायची वाट बघत बसाल, भावाकडची घेऊन जा.

आता तुमचं खेळणं. पणजीला कसं, २१ खालच्यांना खेळायच्या मजल्यावर सोडतच नाहीत, प्रश्न मिटला. वेगासला लेक तुमच्याबरोबर आत असते, पण तुमच्याशेजारी उभी राहू शकत नाही. तिला चिल्लर देऊन मशिनचं बटण दाबायला लावाल तर ते पण नाही, १७ वर्षांच्या मुलीला जॅकपॉट लागला तरी पैसे मिळत नाहीत. मग ती रूमवर बसेल किंवा मॉलमधे फिरेल, आणि तुम्ही मन मारून घड्याळ बघत खेळाल. मी सांगू? रात्री ती झोपल्यावर तासभर जा. तिला सांगून जा, गुपचूप नको. ठरलेली रोकड खिशात, कार्ड रूमच्या तिजोरीत.

आणि जायच्या आधी लेकीकडून एक गणित सोडवून घ्या, बारावीचं प्रोबॅबिलिटीचं अजून ताजं असेल. तिकडच्या नेहमीच्या रुलेटमधे (चाक फिरवून त्यात गोळी टाकतात तो खेळ) १ ते ३६, वर शून्य आणि डबल शून्य, मिळून ३८ खाने. तुमचा आकडा लागला तर ३५ पट देतात, वर लावलेले पैसे परत. दर शंभर डॉलरमागे कॅसिनोला सरासरी किती सुटतात? उत्तर ५ डॉलर २६ सेंट. आता स्ट्रिपवर तीन शून्यांची टेबलं पण बरीच झालीत, तिथे ७ डॉलर ६९ सेंट. म्हणजे दहा डॉलरने तासाला चाळीस वेळा खेळलात तर चारशे डॉलर फिरवलेत, त्यातले २१ सरासरीने गेले, तीन शून्यांवर ३१. सरासरीने हं, एखाद्या रात्री जास्त जातील, एखाद्या रात्री येतील, आणि ज्या रात्री येतात तीच रात्र माणूस पंधरा वर्षं सांगत बसतो. ब्लॅकजॅक (२१ ची बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ) खेळणार असाल तर टेबलावर काय लिहिलंय ते वाचा, पहिल्या दोन पानांतच २१ झाले तर ३:२ देतात (दोन डॉलरला तीन) की ६:५ (पाचाला सहा). ६:५ असेल तिथे बसू नका. हे सगळं लेकीला मांडू दे, तीच तुम्हाला कुठल्या टेबलावर जायचं ते सांगेल, आणि खरं तर तुमच्या आख्ख्या ट्रिपमधे तिला सगळ्यात मजा यातच यायची शक्यता आहे.

प्रश्न: रूम ८९ डॉलरला दिसली म्हणून आम्ही खूश झालो, बिल दीडशेच्या वर! फसवलं का आम्हाला? – फिनिक्सचे वाचक

उत्तर: फसवलं नाही, ती तिकडची रीतच आहे. रिसॉर्ट फी म्हणून रात्रीला ४०-५० डॉलर, कुठे त्याहूनही जास्त, वेगळे लावतात, वायफाय वापरा न वापरा, जिममधे जा न जा, आणि या सगळ्यावर १३ टक्क्यांच्या आसपास टॅक्स. ८९ अधिक ४५, वर टॅक्स, करा बेरीज. मे २०२५ पासून नियम आलाय की सक्तीची फी धरूनच किंमत दाखवायची, त्यामुळे आता आधीच कळतं, टॅक्स मात्र अजूनही शेवटी येऊ शकतो. पार्किंगचे बहुतेक ठिकाणी वेगळे. आणि घरात खादाड पोरं असतील तर रूममधल्या मिनीबारला हात लावू देऊ नका, काही हॉटेलांत खाली सेन्सर असतो, चॉकलेट उचलून वाचून परत ठेवलं तरी बिलात येतं.

प्रश्न: मुलगी १८ ची झाली. मैत्रिणींबरोबर वेगासला जायचं म्हणते, आम्ही नाही जाणार बरोबर. पाठवू का? – एक आई, अर्व्हाइन

उत्तर: तुम्ही पाठवाल हो, पण राहणार कुठे? स्ट्रिपवरच्या बहुतेक हॉटेलांत चेक-इन करणारा २१ चा लागतो. ऑनलाइन बुकिंग बिनधास्त होतं, काउंटरवर आयडी मागतात तेव्हा अडतं, आणि पोरी बॅगा घेऊन लॉबीत. एखाद्या शोला पण १८, एखाद्याला २१ अशी अट असते, क्लब तर बंदच. शिवाय तुमच्याकडून गाडीने जाणार असतील तर वाळवंटातला चार-पाच तासांचा रस्ता आणि रविवारी परत येताना आख्खं लॉस एंजलिस त्याच रस्त्यावर. या वर्षी सॅन दिएगोला पाठवा, ट्रेनने जातील, समुद्र आहे, आणि तिथेही रूम आधी फोन करून वय विचारूनच घ्यायला सांगा.