एपिलेप्सीचा (फिटच्या आजाराचा) खास न्यूरॉलॉजिस्ट कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की बहीण २४ वर्षांची आहे, सहा वर्षांपासून फिट येतात, लेव्हेटिरासेटॅम आणि ऑक्सकार्बाझेपिन या फिटच्या दोन्ही गोळ्या चालू आहेत, तरी महिन्यात दोन-तीन होतातच. आता लातूरच्या डॉक्टरांनी तिसरी गोळी वाढवली आहे. खास डॉक्टर शोधायची वेळ झाली आहे, यात शंका नाही. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, न चुकता घेऊनही फिट थांबत नसतील, तर त्याला औषधाला दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतात. ही एपिलेप्सीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची (आयएलएई) २०१० सालची व्याख्या आहे आणि साधारण एक तृतीयांश रुग्ण या गटात येतात. यापुढे नुसत्या गोळ्या बदलून फिट पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच कमी होते. निदान मुळापासून पुन्हा तपासावं लागतं.

माझा सल्ला असा, की डॉक्टरच्या नावामागे धावू नका, जागा शोधा. ‘फिट, लकवा, डोकेदुखी स्पेशालिस्ट’ ही पाटी कोणीही लावतं. पदवी बघायची ती डीएम किंवा डीएनबी न्यूरॉलॉजी, म्हणजे मेंदूविकारांची खास पदवी. एमसीएच न्यूरोसर्जरी म्हणजे न्यूरोसर्जन. ते ऑपरेशन करणारे, गोळ्यांचा हिशेब जुळवणारे नव्हेत. नोंदलेली पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. डीएमनंतर काही जण एपिलेप्सीची वेगळी फेलोशिप करतात. ती तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत किंवा बंगळूरच्या निम्हान्समध्ये केलेली असेल तर उत्तमच.

जागेची खूण एकच: तिथे अनेक दिवस सलग चालणारा व्हिडिओ ईईजी होतो का. ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख. गावोगावी होतो तो अर्ध्या तासाचा ईईजी. तो नॉर्मल आला म्हणून एपिलेप्सी नाही असं ठरत नाही. व्हिडिओ ईईजीत रुग्णाला दाखल करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करतात आणि प्रत्यक्ष फिट कॅमेऱ्यात आणि आलेखावर एकाच वेळी पकडतात. फिट मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू होते हे त्यातून कळतं. कधी कधी असंही निघतं, की ही एपिलेप्सी नव्हतीच, मानसिक ताणातून येणारे झटके किंवा चक्कर होती, आणि गोळ्या वर्षानुवर्षं विनाकारण चालल्या होत्या.

मुंबईत परळच्या केईएममध्ये ही सोय सरकारी दरात आहे, फक्त तारखेला थांबावं लागतं. पुण्या-मुंबईच्या काही मोठ्या ट्रस्ट रुग्णालयांतही आहे. तिथे पैशांची अडचण असेल तर समाजसेवा विभागात जा: धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ऑपरेशनचा विषय निघाला तर श्री चित्राचं नाव हमखास येतं. तिथे १९९५ पासून एपिलेप्सीची ऑपरेशनं होतात. कुर्ल्याहून नेत्रावती एक्सप्रेस थेट तिरुवनंतपुरमला जाते.

निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. एपिलेप्सी क्लिनिक कोणत्या वारी असतं? व्हिडिओ ईईजी किती दिवसांचा करता? ऑपरेशन इथेच होतं की बाहेर पाठवता? ‘सगळं होतं, या तुम्ही’ एवढंच उत्तर मिळालं तर पुढचा नंबर लावा.

आता फाईल. बहुतेक लोक इथेच कमी पडतात. एका कागदावर आजवरची प्रत्येक गोळी लिहा: नाव, जास्तीत जास्त डोस, किती महिने घेतली, का थांबवली. ‘लेव्हेटिरासेटॅम लागू पडलं नाही’ या वाक्याला किंमत नाही. ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळवरच थांबलात की १५०० पर्यंत गेलात, यावर सगळं ठरतं. मध्येच गोळी चुकली होती का तेही प्रामाणिकपणे लिहा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. साध्या एमआरआयचे काप जाड असतात, त्यात हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मरणशक्तीशी संबंधित भागाचा) बारीक व्रण निसटतो. एपिलेप्सीसाठीचा एमआरआय शक्यतो ३ टेस्ला (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर, एक मिलिमीटरच्या कापांनी काढतात. काय शोधायचंय हे रेडिऑलॉजिस्टला आधी माहीत असावं लागतं.

आणि मोबाईलवर फिटचा व्हिडिओ घ्या. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, त्यामुळे चादर बाजूला करा. डोळे उघडे आहेत की मिटलेले, मान आधी कुठे वळली, कोणता हात आधी आखडला, थांबल्यावर किती वेळाने नीट बोलली, हे त्यात दिसू द्या. मध्येच तिला नावाने हाक मारा. बेशुद्धीत काय होतं ते तिला सांगता येणार नाही, म्हणून ज्याने फिट पाहिली आहे तोच माणूस सोबत हवा.

पहिल्या भेटीत डॉक्टर तुमच्याशी किती बोलतात यावरून पारखा. व्हिडिओ बघतात का, सीडी स्वतः उघडतात का, लहानपणी तापात फिट आली होती का हे विचारतात का? सकाळी उठल्यावर हाताला अचानक झटका बसून हातातला कप उडतो का, हा प्रश्न विचारणारा डॉक्टर कामाचा. अशा झटक्यांच्या एपिलेप्सीत ऑक्सकार्बाझेपिन उलट त्रास वाढवू शकतं, म्हणजे औषधच चुकलेलं असू शकतं. बहीण २४ वर्षांची आहे, तेव्हा लग्न आणि गर्भारपणाचा विषयही डॉक्टरांनी काढायला हवा. विशेषतः कोणी व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध सुचवलं तर नक्की विचारा. त्याने गर्भात व्यंग येण्याचं आणि मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे.

ईईजीच्या आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, नाहीतर तारा चिकटत नाहीत. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

तारीख मिळेपर्यंत फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. घड्याळ लावा, पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली तर १०८ ला फोन. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलम या औषधाचा फवारा मिळतो, तो घरात ठेवावा का आणि किती मारावा, हे लातूरच्या डॉक्टरांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.