पहिल्या बॅचपुढे उभं राहण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पीएचडी करता करता बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्सही घ्यायची, या विचाराने तुला धाकधूक वाटतेय हे फोनवर जाणवलं. ऐरोलीहून रोज ठाण्याला ये-जा, स्वतःचे प्रयोग आणि वर ही बॅच. दडपण येणारच.

आधी वेळेचं बोलतो. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीत ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापन मिळून आठवड्याला ४ ते ६ तासांचं काम देता येतं, असं म्हटलंय. मुलांची जर्नल, म्हणजे प्रयोगवह्या, तपासणं यातच धरायचं, हे गाईडशी पहिल्याच आठवड्यात बोलून घे. भिडेखातर गप्प राहिलीस तर गठ्ठे घरी येतील आणि संशोधन मागे पडेल.

मला खरी काळजी आहे ती मुलं रीडिंग जुळवतात त्याची. उदाहरणार्थ, ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घे, म्हणजे ब्युरेट या खुणा असलेल्या नळीतून एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून किती लागलं ते मोजायचं. परमँगनेटच्या पहिल्या थेंबांचा जांभळा रंग लवकर जात नाही. मुलगा घाबरतो, शेजारच्याच्या वहीत डोकावतो आणि आकडा उतरवून मोकळा होतो. नेमकी त्या वेळी तू त्याच्या टेबलाशी हवीस. फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत तापवला होता का, विचार. मग त्याला थांबून बघू दे. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिचा वेग वाढवतात, म्हणून पुढचे थेंब पडताच रंगहीन होतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तो शेजाऱ्याची वही मागणार नाही. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटवर द्रावणाच्या पृष्ठभागाची वरची कड वाचायची, तेही तिथेच दाखव.

तिन्ही रीडिंग हुबेहूब सारखी असलेली वही आली तर चारचौघांत ओरडू नकोस. एक रीडिंग तुझ्यासमोर पुन्हा घ्यायला सांग. आणि उत्तर चुकलं तरी जे आलं तेच लिहिणाऱ्याचे मार्क कापू नकोस. याबाबत मी हट्टी आहे. आपण नुसतं उत्तर तपासतो, म्हणूनच मुलं जुळवायला शिकतात.

कुठली ब्युरेट गळते, द्रावण कधी बनवलंय, हे लॅबमधल्या काकांना ठाऊक असतं. त्यांना मान देऊन विचार. आदल्या दिवशी प्रयोग स्वतः करून बघ. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर ‘बघून सांगते’ म्हण आणि पुढच्या प्रॅक्टिकलला आठवणीने सांग. अडलं तर रविवारी नौपाड्याला घरी ये, वह्या घेऊन.

तुझे सर