फळ्यावर चेहरा काढू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तिसरी-चौथीचा जोडवर्ग हाती आलाय, मुलांकडून स्वतःचं चित्र काढून घ्यायचंय, पण सुरुवात कुठून करू, असं विचारतेस. सुरुवात आरशापासून कर. आणि त्या दिवशी फळ्यावर चेहरा काढू नकोस. तू फळ्यावर एक लंबगोल काढलास, त्यात दोन डोळे आणि एक नाक बसवलंस, की पाच मिनिटांत सगळ्या वह्यांमध्ये तोच चेहरा उतरलेला दिसेल. फळ्यावरचं उतरवून घेणं हे मुलांचं रोजचंच काम, त्यात ती तरबेज असतात. आत्मचित्राच्या तासाला मात्र त्यांनी फळ्याकडे नाही, स्वतःकडे बघायचंय. बाकी जे काही सांगते ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

पहिला तास पेन्सिलशिवाय घे. डोळे मिटून बोटांनी चेहरा चाचपायला सांग. नाकाचं हाड कुठे संपतं, हनुवटी कुठे वळते, भुवईखाली खोबण किती खोल आहे. मग दोघांत एक आरसा दे आणि प्रश्न विचार. भुवई सरळ आहे की मध्येच वाकलीय? दोन्ही कान सारखेच बाहेर आलेत का? बुबुळ पूर्ण गोल दिसतंय का? या शेवटच्या प्रश्नावर थांब. मुलं डोळा काढताना नेहमी पूर्ण गोल बुबुळ काढतात, त्यामुळे चित्रातला चेहरा दचकल्यासारखा दिसतो. आरशात नीट बघितलं की कुणीतरी ओरडतंच, "बाई, वरून झाकलंय!" वरच्या पापणीखाली बुबुळाचा थोडा भाग लपलेला असतो, हे त्यांचं त्यांना सापडू दे. आणखी जवळून बघायला लाव. बुबुळात एक पांढरा ठिपका चमकत असतो. खिडकीजवळ बसलेल्या मुलाला त्या ठिपक्यात वर्गाची खिडकी दिसते, गजांसकट. ती जागा कागदावर कोरी सोडायची, एवढंच सांग. डोळा एकदम जिवंत होतो.

आरसा हातात धरून चित्र काढू देऊ नकोस. हात हलला की चेहराही हलतो. दप्तराला किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून आरसा डोळ्यांच्या उंचीवर येऊ दे. खाली ठेवला तर नाकपुड्याच मोठ्या दिसतात आणि मुलं हसत बसतात. खिडकी एका बाजूला येईल असं बसव. एक गाल उजेडात आणि एक सावलीत आला की चौथीतली मुलं न सांगता छायाप्रकाश बघायला लागतात.

एक प्रश्न हमखास येईल: "बाई, तीळ माझ्या उजव्या गालावर आहे, पण समोरून बघणाऱ्याला डाव्या हाताला दिसतो. मी काढू कुठे?" आरशात जिथे दिसतो तिथेच काढायला सांग. डच चित्रकार व्हॅन गॉगने 1889 साली कानाला पट्टी बांधलेलं स्वतःचं चित्र काढलं, त्यात पट्टी उजव्या कानावर दिसते. इजा झाली होती डाव्या कानाला. त्याने आरशात दिसलं तसं रंगवलं. कान का कापला ती कहाणी तिसरीच्या मुलांना सांगायची गरज नाही, हे तुझ्या माहितीसाठी. त्यांना एवढंच सांग, की मॉडेलला द्यायला त्याच्याकडे पैसे नसत, म्हणून तो आरसा घेऊन स्वतःलाच समोर बसवायचा. आपल्या मुलांना ही गोष्ट लगेच पटते.

खोडरबर आधीच गोळा करून ठेव. मुलं कुरकुर करतील. तेव्हा त्यांना जर्मन चित्रकार ड्यूररबद्दल सांग. न्यूरेंबर्गच्या सोनाराचा हा मुलगा, 1484 साली तेरा वर्षांचा असताना त्याने आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं. चांदीच्या टोकाच्या लेखणीने, खास लेप दिलेल्या कागदावर. ती रेघ खोडता येत नाही. पुढे मोठा चित्रकार झाल्यावर त्याने त्याच कागदावर लिहून ठेवलं, की हे मी लहान असताना आरशात बघून काढलं. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात ते चित्र आजही आहे. मोबाइलवर दाखव आणि चेहऱ्यापेक्षा हाताच्या बोटांकडे लक्ष वेधून घे. एक बोट लांब पुढे केलंय, दुसऱ्या हाताचा पंजा बाहीत दडलाय. चित्र काढणारा हात दाखवणं अवघड, तर त्याने तो बाहीत घातला, असं मला नेहमी वाटतं. मुलांनाही विचार, त्यांना काय वाटतं.

प्रमाणांबद्दल. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मनात माणसाचा एक ठरलेला आकार असतो आणि तो त्यात खूश असतो. तो मोडायला जाऊ नकोस. त्याला फक्त त्याचं वेगळेपण बघू दे, पडलेला दात, टिकली, कानातली रिंग, कपाळावरचा भोवरा. नऊ-दहाच्या पुढे मात्र "माझ्यासारखं आलं नाही" म्हणून कागद फाडणारी मुलं दिसायला लागतात. मदत त्यांना हवी असते. कागदाची लांब पट्टी दे. जोडीदाराने ती चेहऱ्याशेजारी उभी धरून हनुवटीवर आणि डोक्याच्या वरच्या टोकाला खूण करायची. दोन खुणा एकमेकींवर आणून पट्टी दुमडायची आणि पुन्हा चेहऱ्याशेजारी धरायची. घडी डोळ्यांवर येते. बहुतेक मुलांनी डोळे कपाळात काढलेले असतात, त्यामुळे त्यांना हे खरं वाटत नाही. ती पुन्हा पुन्हा मोजतात. मोजू दे. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याइतकी जागा असते, हेही त्याच पट्टीने कळतं. याहून जास्त मोजमाप नको. आणि चित्र कोपऱ्यात बटणाएवढं येऊ नये म्हणून पंजा चेहऱ्यावर ठेवायला सांग, मनगट हनुवटीला. बोटं केसांच्या रेषेपर्यंत पोचतात. तोच पंजा कागदावर ठेवला की चेहरा किती मोठा काढायचा ते कळतं.

आता रंग. इथे तुला सगळ्यात जास्त जपायला हवं. रंग हातात आले, की "बाई, स्किन कलर कुठाय?" हा प्रश्न येणार आणि मुलं तेलखडूच्या पेटीतून तो फिकट गुलाबी खडू उचलणार. सावळी मुलं तर हटकून. वर्गात "काळ्या" म्हणून हाक मारली जाणारी मुलगी स्वतःला गुलाबी रंगवते, तेव्हा ते चुकलं असं म्हणू नकोस. तो खडू तास सुरू होण्याआधीच सगळ्या पेट्यांमधून काढून ठेव आणि त्या दिवशी रंग तयार करायला शिकव. पिवळा आणि लाल मिसळला की नारिंगी, त्यात निळ्याचा थेंब पडला की तपकिरी, मग हवा तसा पांढरा. पोस्टर कलर पुरत नसतील तर गेरू, हळद, चहाचं दाट पाणी आणि डिंक यांवरही छान काम होतं. आधी तू स्वतःचा रंग सगळ्यांसमोर तयार कर. थेंब मनगटावर लावायचा. उठून दिसला तर अजून काहीतरी घालायचं, पुन्हा लावायचा. जमला की थेंब कातडीत मिसळून जातो, शोधावा लागतो. मुलं यात तासभर गुंगतात. मग प्रत्येकाने आपल्या रंगाला नाव द्यायचं: गूळ, नाचणी, चिंच, ओली माती. ज्या मुलीला सगळे चिडवतात तिचा रंग तयार करायला सगळ्यात जास्त रंग लागतात, हे बाकीच्यांना तिथेच दिसतं. तू वेगळं भाषण देऊ नकोस. चित्रकार अमृता शेरगिलची आत्मचित्रं त्यानंतर दाखव. गव्हाळ रंगात किती रंग असतात, ते मुलं आता स्वतः बघू शकतील.

एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर भाजल्याचा व्रण असेल, कोड असेल, एखादी आरशात बघायलाच तयार नसेल. तिच्यावर जबरदस्ती नको. तिला स्वतःचा हात काढू दे, किंवा पाठमोरी वेणी. तेही तिचंच चित्र आहे. कोणाच्याही चित्राला "सुंदर" म्हणू नकोस, गुण देऊ नकोस, भिंतीवर निवडक चित्रं लावू नकोस. लावायची तर सगळी, नाहीतर एकही नाही. मुख्याध्यापकांना पाहुण्यांसाठी पाच चांगली हवी असतील, तर त्यांना फुलांची दे.

तुझ्या गावातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बरीच आहेत, असं लिहिलंयस. ती दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणून पहिलं आत्मचित्र जुलै-ऑगस्टमध्येच उरकून घे. मागे नाव आणि तारीख घालून तुझ्याजवळ जपून ठेव. मुलं हंगाम संपवून परत येतील तेव्हा दुसरं काढून घे आणि दोन्ही त्यांच्याच हातात दे.

तुझ्या बाई

ता. क. आरसे आठवडी बाजारातून प्लास्टिकच्या चौकटीचे आण, मागून रुंद चिकटपट्टी लाव. फुटला तरी काचा पसरत नाहीत.