आधी माल, मग माणूस

या वेळच्या टपालात दोनच विषय आहेत, बाजार आणि बोट. संपादकांना तो योगायोग वाटतो, मला नाही. मी सत्तावीस वर्षं जहाजांवर स्टोअरकीपर होतो. पिठाची पोती, साबणाचे खोके आणि टॉयलेट पेपरचे गठ्ठे मोजण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे प्रश्न कुठलाही असो, याचं उत्तर फिरून फिरून गोदामात येऊन थांबतं, अशी घरच्यांचीही तक्रार आहे. चालवून घ्या.

प्रश्न : सुपरमार्केटमध्ये आपणच ट्रॉली ढकलायची, आपणच सामान काढायचं, वर रांगेत उभं राहायचं. दुकानदाराचं हे काम आपल्या गळ्यात कुणी आणि कधी मारलं?

उत्तर : सप्टेंबर १९१६, अमेरिकेतलं मेम्फिस शहर. गळ्यात मारणारा गृहस्थ क्लॅरेन्स सॉन्डर्स. दुकानाचं नाव ‘पिगली विगली’. हे असलं नाव का, असं कुणी विचारलं की तो म्हणे उत्तर द्यायचा, तुम्ही हे विचारावं म्हणूनच.

त्याआधी किराणा दुकान म्हणजे अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे माल आणि मधे काउंटर. यादी द्यायची, नोकर एकेक जिन्नस काढणार, तोलणार, पुड्या बांधणार. सॉन्डर्सला त्यात खुपलं ते असं, की हा नोकर अर्धा दिवस माश्या मारतो, उरलेल्या अर्ध्या दिवसात गर्दी त्याला आवरत नाही आणि त्याचा पगार मात्र सगळा मालाच्या किमतीत चढतो. त्याने मधला माणूसच काढला. दारात फिरता अडसर, हातात टोपली, प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली आणि बाहेर पडायच्या वाटेवर पैसे घेणारा एक जण. १९१७ मध्ये त्याला या मांडणीचं पेटंटही मिळालं.

त्या पेटंटमधलं चित्र मी पाहिलं आहे. एकाच दाराने आत शिरायचं, नागमोडी वाटेने प्रत्येक फळीसमोरून जायचं आणि मगच सुटका. कुणी त्याला दुकानाचा आराखडा म्हणेल, मी तर त्याला स्टोअररूमच म्हणेन. फरक एवढाच, की माझ्या स्टोअररूमला कुलूप असायचं. सॉन्डर्सने गिऱ्हाइकाला दुकानात नाही बोलावलं, थेट गोदामात सोडलं.

याचा एक परिणाम सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. काउंटरमागचा नोकर मालाच्या वतीने बोलायचा, ‘हे घ्या, हे चांगलं आहे’ म्हणायचा. तोच गेला म्हटल्यावर बोलायचं काम वेष्टनावर आलं. डब्याचा रंग, नाव, चित्र यांना जे महत्त्व चढलं ते यामुळे.

सॉन्डर्सचं पुढे काय झालं? १९२३ मध्ये तो आपल्याच कंपनीच्या शेअर्सवरून वॉल स्ट्रीटच्या सटोडियांशी भिडला आणि कंपनी हातची घालवून बसला. गडी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. १९३७ मध्ये त्याने ‘कीडूझल’ नावाचं यांत्रिक दुकान काढलं. काचेआड नमुने मांडलेले. हव्या त्या वस्तूसमोरच्या खाचेत किल्ली घालायची आणि माल मागून पट्ट्यावरून यायची वाट बघायची. ज्याने गिऱ्हाइकाला आत घेतलं त्यानेच वीस वर्षांनी त्याला पुन्हा बाहेर उभं केलं! गर्दी झाली की यंत्रणा अडखळायची. ते दुकान चाललं नाही.

स्वस्त, मोठं, गाडी लावायला जागा असलेलं आजचं सुपरमार्केट मात्र मायकेल कलनचं. क्रोगर या साखळीत नोकरी करताना त्याने ही कल्पना लिहून साहेबांकडे पाठवली. दाद लागेना, तेव्हा नोकरी सोडून १९३० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका जुन्या गॅरेजमध्ये ‘किंग कलन’ उघडलं. मंदीचे दिवस. माल ढिगाने रचायचा आणि कमी नफ्यावर विकायचा, एवढंच सूत्र. लोक लांबून गाड्या घेऊन येऊ लागले.

आता तुमची ट्रॉली. ओक्लाहोमा सिटीतला दुकानदार सिल्व्हन गोल्डमन याच्या लक्षात आलं, की टोपली जड झाली की बाईची खरेदी थांबते. पैसे संपलेले नसतात, हात दुखलेला असतो. त्याच्या कचेरीत घडीची खुर्ची होती. तिच्या सांगाड्याला चाकं लावली, वरखाली दोन तारेच्या टोपल्या ठेवल्या, झाली गाडी. ही १९३७ ची गोष्ट. पण लोक तिला हात लावेनात. तरुण बायकांना ती बाबागाडी वाटे, पुरुषांना वाटे आपल्या दंडात टोपली उचलायची ताकद नाही असं लोक म्हणतील आणि म्हाताऱ्यांना आपण अधू दिसू अशी धास्ती. गोल्डमनने काय करावं? पगार देऊन सगळ्या वयाची माणसं आणली आणि त्यांना दुकानात नुसत्या गाड्या ढकलत फिरायला लावलं. बघून बघून लोक शिकले. म्हणजे हे काम गळ्यात मारायलाही नोकरच ठेवावे लागले होते!

एकात एक शिरणारी गाडी नंतरची, ऑर्ला वॉटसनची, १९४६ च्या सुमाराची. मागची जाळी आत झुलते ती त्याची करामत. पुढच्या वेळी दोन गाड्या अडकून बसल्या तर निदान नाव घेऊन चिडता येईल.

प्रश्न : बारकोडचे पहिले आकडे बघून वस्तू कुठल्या देशात बनली ते ओळखता येतं, असा संदेश फोनवर सारखा येतो. खरं आहे का?

उत्तर : नाही. ते आकडे, कंपनीने आपला क्रमांक कुठल्या देशाच्या नोंदणी संस्थेकडून घेतला, एवढंच सांगतात. ७०० ते ७०९ म्हणजे नॉर्वेतली नोंदणी. आतला माल पृथ्वीच्या पाठीवर कुठेही बनलेला असू शकतो. संदेश पुढे ढकलू नका.

पण बारकोडचा विषय काढलाच आहे तर ऐका. त्याचा जन्म दुकानात नाही, समुद्रकाठी झाला. १९४८–४९ च्या हिवाळ्यात नॉर्मन जोसेफ वुडलँड हा तरुण मायामीच्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसला होता. बिल आपोआप कसं व्हावं हा भुंगा डोक्यात. लहानपणी बालवीर असताना शिकलेली मोर्सची लिपी आठवली. त्याने चार बोटं वाळूत रोवून स्वतःकडे ओढली आणि उमटलेल्या रेघांकडे बघत राहिला. टिंब आणि रेघ खाली ताणली तर बारीक आणि जाड पट्टे होतात! बर्नार्ड सिल्व्हर या मित्रासह त्याला १९५२ मध्ये पेटंट मिळालं, पण त्या रेघा वाचणारं स्वस्त यंत्र तेव्हा नव्हतं. लेझर आणि संगणक यायला दोन दशकं गेली. आज दिसतो तो उभ्या रेघांचा बारकोड आयबीएमच्या जॉर्ज लॉररने घडवला आणि २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात पहिली वस्तू यंत्रासमोरून सरकली. च्युइंगमचं पाकीट, किंमत ६७ सेंट.

आम्ही तेव्हा वहीत पेन्सिलने चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी असं मोजत होतो. रेघाच त्याही.

प्रश्न : दूध नेहमी दुकानाच्या पार शेवटच्या कोपऱ्यात का असतं? गिऱ्हाइकाला मुद्दाम फिरवण्यासाठीच ना?

उत्तर : फिरवतातही. पण त्या कपाटामागे बहुधा शीतखोली असते आणि तिच्यामागे ट्रक लागायचा धक्का. दूध जितकं कमी हलवाल तितकं गार राहतं. शिवाय मागून भरलं की ताजं मागे आणि जुनं आपोआप पुढे. हात खांद्यापर्यंत आत घालून मागची पिशवी ओढणारे तुम्हीच असाल तर माझा नमस्कार घ्या. माझ्याही स्टोअरमध्ये असाच एक कुक होता.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीच्या आसपास आहोत. नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीची सहल करावी म्हणतो. मोठ्या क्रूझसारखी मजा तिच्यावर असते का? बोट लागेल का?

उत्तर : तशी मजा हवी असेल तर जाऊ नका. कॅसिनो नाही, रंगमंचावर नाचगाणी नाहीत. ही टपाल आणि माल नेण्यासाठी सुरू झालेली बोट आहे, त्यात तुम्हाला जागा दिली आहे. मला तर तेवढ्यासाठीच ती आवडली.

तिचं नाव ‘हुर्टिगरुटेन’, म्हणजे जलद मार्ग. आज तासाला पंचवीस-तीस किलोमीटरने जाणाऱ्या बोटीला हे नाव ऐकून हसू येईल, पण १८९३ पूर्वी ट्रॉन्डहाइमहून उत्तरेच्या हॅमरफेस्टला पत्र जायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच-पाच महिने लागत. सरकारला वर्षभर चालणारी बोट हवी होती. मोठ्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं. अंधार, वादळ, खडक, आणि ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेला दीपगृहं सारी २८. रिचर्ड विथ नावाचा कप्तान तयार झाला, कारण तो आणि त्याचे वाटाडे होकायंत्राची दिशा, वेग आणि वेळ टिपत होते. किती मिनिटं या दिशेने, मग कुठे वळायचं, हे वहीत असलं की डोळ्यांना दिसलं नाही तरी चालतं. २ जुलै १८९३ ला त्याची ‘वेस्टरोलेन’ ट्रॉन्डहाइमहून सुटली आणि ६७ तासांत हॅमरफेस्टला लागली. आणि हिवाळ्यात बंदरं गोठत का नाहीत? अटलांटिकमधून वर येणारा उबदार प्रवाह.

आता बोटी बर्गेनहून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जातात, ३४ बंदरं घेत. २०२१ पासून दोन कंपन्या हा मार्ग वाटून चालवतात. जाऊन-येऊन बारा दिवसांचा प्रवास. जमल्यास दोन्ही बाजूंनी करा, कारण जाताना जी बंदरं झोपेत जातात तीच परतताना उजेडी येतात. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात किर्केनेसला कित्येक आठवडे उगवत नाही. आकाशातला ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ‘नॉर्दर्न लाइट्स’, बघायचा तर थंडीच निवडावी लागेल.

बोट लागण्याबद्दल. बरीचशी वाट बेटांच्या आडोशाने जाते, तिथे पेल्यातलं पाणीही हलत नाही. पण स्टाड, हुस्टाडविका आणि व्हेस्टफ्योर्ड हे तुकडे उघड्या समुद्राचे आहेत. केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, झोका कमी बसतो. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची ती पोटात ढवळायच्या आधी, नंतर नव्हे. आणि वाचत बसू नका, क्षितिजाकडे बघा.

एक गंमत सांगून ठेवतो. उत्तरेला जाताना आर्क्टिक वृत्त ओलांडलं की डेकवर समारंभ होतो आणि ज्याची तयारी असेल त्याच्या कॉलरमधून पाठीत बर्फाचं पाणी सोडतात. मी ‘तयारी आहे’ म्हणालो. बर्फ पाठीवरून कमरेपर्यंत उतरेतो जे शब्द माझ्या तोंडून निघाले ते इथे छापता येणार नाहीत. नशीब, मराठी कळणारं आसपास कुणी नव्हतं.

खालच्या मजल्याची केबिन घेताना मी एक चूक केली. माल चढवायच्या दाराशेजारची घेतली. पहिल्या रात्री फोर्कलिफ्टच्या पीं-पींने जाग आली, चिडचिड झाली. दुसऱ्या रात्री स्वेटर चढवून वर कठड्याशी जाऊन उभा राहिलो. एका लहानशा बंदरात पंधरा मिनिटांचा थांबा. बाजूचं दार उघडलं, खाली धक्क्यावर पिवळ्या जाकिटातला एक माणूस. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पॅलेट, म्हणजे फळीवर रचलेले मालाचे ढीग, बाहेर पडत होते. टॉयलेट पेपर, साबण, भिंतीच्या रंगाचे डबे, एक सायकल. माझ्या तोंडात आकडे आपोआप आले. तेरा उतरले, चार चढले. दार बंद. सगळ्या बोटीत त्या वेळी एवढा सुखी प्रवासी मीच असेन. २०११ मध्ये नॉर्वेच्या एनआरके वाहिनीने हीच सफर सलग १३४ तास थेट दाखवली आणि देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी ती कधी ना कधी लावली. त्यांना वेडे म्हणायची माझी हिंमत नाही.

प्रश्न : त्याच प्रवासाबद्दल. बंदरात उतरून सुपरमार्केटात खरेदी करता येते का?

उत्तर : येते, आणि बोटीवरच्यापेक्षा स्वस्त पडते. ट्रोम्सो, ट्रॉन्डहाइमसारख्या ठिकाणी काही तास मिळतात. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, त्या दिवशी लहान दुकानांवर भागवावं लागतं. बिअर आठवड्याच्या दिवशी रात्री आठनंतर आणि शनिवारी सहानंतर दुकानात विकत नाहीत. हुज्जत घालू नका, कायदाच आहे.

पेयाची बाटली घेतली तर टाकू नका. तिच्या किमतीत अनामत असते, लहान बाटलीला २ आणि मोठीला ३ क्रोनर. दुकानाच्या दाराशी भिंतीत एक गोल तोंडाचं यंत्र असतं. त्यात बाटली आडवी ठेवायची, ते ती फिरवून बघतं, गिळतं आणि चिठ्ठी देतं. चिठ्ठी दाखवली की बिलातून पैसे वजा. हे यंत्रही तिथलंच, प्लांके बंधूंनी १९७२ मध्ये एका किराणा दुकानदाराची बाटल्यांच्या ढिगातून सुटका करण्यासाठी बनवलेलं. त्यांची ‘टोमरा’ कंपनी आता ती जगभर विकते.

मी दोन मोठ्या बाटल्या घातल्या, चिठ्ठी घेतली आणि फळ्यांकडे वळलो, तर समोर जाळीच्या गाडीत माझ्याच बोटीतून सकाळी उतरलेले वाटावे असे साबणाचे खोके, प्लास्टिक अर्धं सोललेलं. एक मुलगा ते लावत होता. जुने पुढे, नवे मागे. बरोबर. मी बघत उभा राहिलो आणि तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. ही बोट कुणासाठी थांबत नाही, तिला पुढे माल पोचवायचा असतो. पळालो. सहा क्रोनरची ती चिठ्ठी अजून कोटाच्या खिशात आहे, येणे बाकी.